‘रायट ॲक्ट’ वाचून दाखवणे : एका वाक्प्रचाराचे पूर्वचरित्र

इंग्रजीत एखाद्याला ‘रायट ॲक्ट वाचून दाखवणे’ म्हणजे त्याला खडसावणे, त्याची कानउघाडणी करणे, पुन्हा असे घडल्यास खैर नाही अशी समज देणे. रात्री उशिरा घरी परतलेल्या मुलाला आई रायट ॲक्ट वाचते, हरलेल्या संघाला प्रशिक्षक वाचतो, कामचुकार कारकुनांना साहेब वाचतो. आपले इंग्रजी-मराठी कोश एवढा अर्थ देऊन थांबतात, आणि कोशाच्या दृष्टीने त्यात काही उणे नाही. मात्र या वाक्प्रचारातील क्रियापदाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. रागावणारा माणूस बोलतो, ओरडतो, हातवारे करतो; तो वाचत नाही. वाचायचे तर हातात कागद हवा, कागदावर मजकूर हवा, आणि तो मजकूर वाचण्याचा अधिकार कोणीतरी दिलेला हवा. ‘रायट ॲक्ट’च्या बाबतीत या तिन्ही गोष्टी खरोखरच अस्तित्वात होत्या. इंग्लंडमध्ये सुमारे अडीचशे वर्षे हा कायदा पुस्तकात होता, आणि त्याच्या वाचनानंतर माणसे मेली आहेत.

लक्षणेचा विचार करताना मम्मटाने तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाला बाध यावा, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध असावा, आणि त्यामागे एक तर रूढी असावी किंवा काही प्रयोजन असावे. रूढीसाठी त्याने दिलेले उदाहरण ‘कुशल’ या शब्दाचे आहे. कुश म्हणजे दर्भ. तो नीट निवडून आणणारा तो कुशल. पुढे दर्भ गळून पडला आणि कौशल्य उरले. (विश्वनाथाने या उदाहरणावर आक्षेप घेतला आहे; तो वाद येथे नको.) ‘रायट ॲक्ट’ हा वाक्प्रचारही रूढीच्याच खात्यात जमा होईल. पण दर्भ गळून पडल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही, तसे येथे म्हणता येत नाही. येथे जे गळून पडले आहे त्याचा आकार पाहण्यासारखा आहे, कारण लक्ष्यार्थ हा मुख्यार्थाचा नुसता सौम्य अवतार नसून अनेक बाबतींत तो मुख्यार्थाच्या उलट आहे.

१ ऑगस्ट १७१४ रोजी राणी ॲन निधन पावली आणि जर्मनीतील हॅनोव्हरचा अधिपती जॉर्ज हा इंग्लंडच्या गादीवर आला. परकी बोली बोलणारा हा राजा अनेकांना मान्य नव्हता. पदच्युत स्टुअर्ट घराण्याचे पक्षपाती स्वस्थ बसलेले नव्हते. त्याआधी १७१० मध्ये सॅचेव्हरेल नावाच्या धर्मोपदेशकावरील खटल्याच्या निमित्ताने लंडनच्या जमावाने चर्चबाह्य पंथीयांची प्रार्थनागृहे मोडून टाकली होती. १७१५ च्या उन्हाळ्यात तसलेच प्रकार मध्य इंग्लंडच्या गावांतून पुन्हा सुरू झाले. त्या घाईत पार्लमेंटने हा कायदा केला आणि राजाच्या राज्यारोहणाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, १ ऑगस्ट १७१५ रोजी, तो अंमलात आला. ‘रायट ॲक्ट’ हे त्याचे लोकांच्या तोंडी बसलेले नाव. अधिकृत शीर्षकात दंगे व दंगेखोर जमाव यांचा प्रतिबंध करणे आणि दंगेखोरांना अधिक त्वरेने व परिणामकारक रीतीने शिक्षा देणे, असा लांबलचक हेतू नोंदलेला आहे.

दंगा करणे हा इंग्लंडच्या रूढ कायद्यात आधीही गुन्हा होता, पण किरकोळ प्रतीचा. नव्या कायद्याने त्याला एक यंत्रणा जोडली. बारा किंवा अधिक माणसे बेकायदा, दंगेखोरपणे एकत्र जमली, तर तेथील जस्टिस ऑफ द पीसने, शेरीफने किंवा मेयरने त्यांच्यापुढे राजाच्या नावाने एक घोषणा वाचायची. घोषणा झाल्यापासून एक तास लोटल्यावरही बारा माणसे तेथेच राहिली, तर त्यांचे तिथे असणे हाच देहान्ताचा अपराध. त्यांनी दगड मारलेला असण्याची गरज नाही, खिडकी फोडलेली असण्याचीही नाही. घोषणा वाचणाऱ्याला बळाने अडवणे हादेखील तितकाच गंभीर अपराध. आणि जमाव पांगवताना कोणी मेला, जखमी झाला किंवा पंगू झाला, तर पांगवणारे अधिकारी आणि त्यांचे मदतनीस यांना कोणताही दोष लागणार नाही, असे अभयही त्याच कायद्यात लिहून दिलेले. शिवाय हा संपूर्ण कायदा दर तिमाही न्यायसत्रात मोठ्याने वाचला जावा, असेही त्यात म्हटले होते. म्हणजे ‘वाचणे’ हे या कायद्याच्या अंगातच होते.

आता घोषणेचा मजकूर. तो सारा जेमतेम पन्नासेक शब्दांचा आहे. शांतपणे वाचला तरी अर्धा मिनिट पुरे. आमचे सार्वभौम राजे येथे जमलेल्या सर्वांना आज्ञा करतात की त्यांनी तात्काळ पांगावे आणि शांतपणे आपापल्या घरी किंवा आपल्या रीतसर कामधंद्याला जावे, नाहीतर अमुक कायद्यातील शिक्षेस पात्र व्हावे; ईश्वर राजाचे रक्षण करो. बस्स. यात रागाचा एकही शब्द नाही. कोणाची लाज काढलेली नाही, कोणाच्या वर्तनाची चिरफाड केलेली नाही, उपदेशही नाही. ही भाषा तलाठ्याच्या नोटिशीइतकी थंड आहे. वाक्प्रचारात शब्द तिखट असतात आणि पुढे बहुधा काहीच होत नाही. मूळ प्रसंगात शब्द अगदी कोरडे होते आणि जे व्हायचे ते पुढे होणार होते. वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांची उलटापालट म्हणतो ती ही.

जे. एल. ऑस्टिनच्या ज्या व्याख्यानांचे १९६२ साली ‘हाउ टु डू थिंग्ज विथ वर्ड्‌स’ हे पुस्तक झाले, ती आपल्याकडे समीक्षेच्या अभ्यासक्रमात शिकवली जातात. बोलणे हेच जिथे करणे असते, अशा उक्तींची त्याची उदाहरणे लग्नाची, नामकरणाची, पैजेची आहेत. रायट ॲक्टचे वाचन त्याच्या विवेचनात सहज बसले असते. येथे वाचनाने माहिती मिळत नाही, स्थिती बदलते : क्षणापूर्वी जो बघ्या होता तो आता तासाभराची मुदत असलेला संभाव्य अपराधी होतो. आणि विधीमधले एक अक्षर चुकले तर सारे व्यर्थ, हेही लागू पडते. घोषणेच्या शेवटचे ‘ईश्वर राजाचे रक्षण करो’ हे शब्द वाचायचे राहिले म्हणून वाचन अवैध ठरल्याचे आणि आरोपी त्या कलमातून सुटल्याचे प्रसंग न्यायालयांत घडलेले आहेत. मंत्रातला स्वर चुकला की फळ नाही, ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये.

पण मंत्र निदान यज्ञवेदीपाशी म्हटला जातो. हा मजकूर हजारोंच्या गलक्यात म्हणायचा होता. कायदा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती, कारण अधिकाऱ्याने दंगेखोरांच्या मध्ये जाऊन, किंवा जितके सुरक्षितपणे जाता येईल तितके त्यांच्या जवळ जाऊन, मोठ्या आवाजात आधी शांतता पाळण्याचा हुकूम द्यावा आणि मग घोषणा करावी, असे शब्द त्यात घातलेले आहेत. ‘जितके सुरक्षितपणे जाता येईल तितके’ या सवलतीत पुढच्या शंभर वर्षांच्या साऱ्या शोकांतिकांची बीजे आहेत. सुरक्षित अंतर किती, ते वाचणारा ठरवणार. ऐकू आले की नाही, हे मात्र कोणी ठरवायचे याबद्दल कायदा गप्प आहे.

या कायद्याचे दोन अपपाठ रूढ झाले, आणि साहित्याच्या अभ्यासकाला ते मुळाइतकेच उद्बोधक वाटतील. जमावाची समजूत अशी की घोषणा झाल्यावर एक तास आपण सुरक्षित आहोत. त्या तासात कोणी हात लावू शकत नाही. अधिकाऱ्यांची समजूत अशी की घोषणा वाचल्याशिवाय आणि तास उलटल्याशिवाय सैन्याला काहीच करता येत नाही. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या. दंगा आटोक्यात आणण्याचा जुना अधिकार नव्या कायद्याने काढून घेतलेला नव्हता. पण लोक कायद्याप्रमाणे वागत नाहीत, कायद्याच्या आपल्याला लागलेल्या अर्थाप्रमाणे वागतात.

१० मे १७६८ रोजी लंडनमध्ये किंग्ज बेंच तुरुंगाबाहेरच्या सेंट जॉर्जेस फील्ड्‌स या मैदानात जॉन विल्क्सच्या समर्थकांचा प्रचंड जमाव होता. सॅम्युएल गिलॅम या दंडाधिकाऱ्याच्या उपस्थितीत रायट ॲक्ट वाचला गेला, दगड आले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यांतला विल्यम ॲलन हा तरुण तर दंगेखोर समजून पाठलाग करून मारला गेला. गिलॅमवर खुनाचा खटला झाला. तो सुटला, पण त्या खटल्याची आठवण लंडनच्या दंडाधिकाऱ्यांच्या मनात राहिली. बारा वर्षांनी, जून १७८० मध्ये, लॉर्ड जॉर्ज गॉर्डनच्या कॅथलिकविरोधी चळवळीतून लंडन पेटले, न्यूगेटचा तुरुंग जाळला गेला, सरन्यायाधीश मॅन्सफील्डचे घर आणि त्यातला ग्रंथसंग्रह भस्मसात झाला, तेव्हा घोषणा वाचायला कोणी पुढे येईना. सैनिक उभे, समोर आग, आणि वाचणारा गैरहजर. अखेर ७ जूनला ॲटर्नी जनरल वेडरबर्न याने राजासमक्ष असे मत दिले की वाचनाची वाट पाहण्याची गरज नाही. त्यानंतर जे गोळीबार झाले त्यांत सुमारे तीनशे माणसे मेली. लंडनचा लॉर्ड मेयर ब्रॅकली केनेट याच्यावर पुढे कर्तव्यात कसूर केल्याबद्दल खटला होऊन तो दोषी ठरला. डिकन्सच्या ‘बार्नबी रज’ (१८४१) या कादंबरीत हा दंगा आहे आणि हा चुळबुळणारा मेयरही आहे. डिकन्सने त्याची यथेच्छ टिंगल केली आहे. ती वाचताना हसू येते, पण गिलॅमचा खटला माहीत असला तर ते हसू थोडे अडखळते. वाचले तर खुनी, न वाचले तर कामचुकार, अशा कात्रीत ती माणसे होती. १८३१ च्या ऑक्टोबरात ब्रिस्टलमध्ये तीन दिवस दंगा झाला तेव्हा हीच कात्री पुन्हा दिसली : मेयर चार्ल्स पिनी याच्यावर निष्काळजीपणाचा खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला, तर गोळ्या झाडण्याचे टाळणारा कर्नल ब्रेरटन याने लष्करी चौकशी चालू असतानाच स्वतःला गोळी घालून घेतली.

हे झाले वाचणाऱ्यांचे. ऐकणाऱ्यांच्या बाजूने पाहायचे तर मँचेस्टरला जावे लागते.

१६ ऑगस्ट १८१९, सोमवार. सेंट पीटर्स फील्ड या मोकळ्या जागेत मताधिकाराच्या मागणीसाठी साठ हजारांच्या आसपास माणसे जमलेली. आसपासच्या कापडगिरण्यांच्या गावांतून ती रांगेने, वाद्ये वाजवीत, बायकामुलांसह आली होती; बऱ्याच जणांच्या अंगावर रविवारचे ठेवणीतले कपडे होते. मैदानाच्या कडेला एका घराच्या वरच्या मजल्यावर दंडाधिकारी बसले होते. त्यांच्यापैकी रेव्हरंड चार्ल्स एथेल्स्टन यांनी खिडकीतून रायट ॲक्ट वाचला, असे दंडाधिकाऱ्यांचे म्हणणे. ते इतके बाहेर वाकले होते की पडू नयेत म्हणून मागे उभे असलेले हल्टन त्यांच्या कोटाचे टोक धरायला सज्ज होते, अशी हकिकत साक्षीत आली आहे. हा तपशील हास्यास्पद आहे आणि भयंकर आहे. खिडकीतून वाकलेला एक पाद्री, हातात पन्नास शब्दांचा कागद, खाली साठ हजार माणसे आणि वाद्यांचा गजर. घोषणा ऐकली असे सांगणारे जमावातून जवळजवळ कोणी पुढे आले नाही. तास तर उलटू दिलाच नाही. वक्ता हेन्री हंट याला पकडण्यासाठी येओमनरी, म्हणजे स्थानिक दुकानदार व गिरणीवाल्यांचे हौशी घोडदळ, गर्दीत घुसले, अडकले, आणि त्यांनी तलवारी चालवल्या. त्यांना सोडवण्यासाठी हुसार्स या कवायती घोडदळाला पाठवले गेले. वीस मिनिटांच्या आत मैदान रिकामे झाले. सुमारे अठरा माणसे मेली आणि सहाशेहून अधिक जखमी झाली. चारच वर्षांपूर्वी जिंकलेल्या वॉटर्लूचा उपहास करणारे ‘पीटर्लू’ हे नाव लगेच रूढ झाले. इटलीत असलेल्या शेलीने ही बातमी ऐकून ‘द मास्क ऑफ ॲनार्की’ लिहिले. ते छापायला मात्र १८३२ साल उजाडावे लागले.

पुढे चौकशा आणि खटले झाले, त्यांत प्रश्न पुन्हापुन्हा तोच : रायट ॲक्ट वाचला गेला का? त्यावर वकिलांनी कित्येक तास घालवले. सरकारने दंडाधिकाऱ्यांचे आभार मानले होतेच. येओमनरीच्या माणसांवरचा १८२२ सालचा दावाही फेटाळला गेला. एक प्रश्न फारसा ऐरणीवर आला नाही, आणि मला तो अधिक मूलभूत वाटतो. जे ऐकू येणे शक्य नव्हते, ते वाचले गेले असले काय आणि नसले काय, त्याने मैदानातल्या विणकराच्या दृष्टीने कोणता फरक पडतो? वाचन हे ऐकणाऱ्यासाठी नव्हते. ते वाचणाऱ्याच्या कागदपत्रांसाठी होते.

याच सालात आपल्या वाक्प्रचाराचाही धागा सापडतो. शब्देतिहासाच्या अभ्यासकांनी पुढे आणलेल्या लाक्षणिक वापराच्या जुन्या नोंदींपैकी एक १८१९ च्या डिसेंबरातील एका खासगी पत्रातली आहे. पत्रलेखक सहज सांगतो की घरातली बाई मुलांच्या खोलीत रायट ॲक्ट वाचायला धावली आहे. सेंट पीटर्स फील्डला चार महिने झालेले. त्या पत्राचा मँचेस्टरशी संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. असे प्रयोग लेखी नोंदीच्या आधीपासून बोलण्यात असतात. पण त्या विनोदाची घडण तपासायला हरकत नाही. तो कशावर उभा आहे? मुलांचा गोंगाट म्हणजे दंगा, आई म्हणजे राजाचा अधिकारी. हे समीकरण उलटे वाचले की दुसरे समीकरण आपोआप हाती येते : राजाचा अधिकारी म्हणजे आई, आणि दंगा करणारे म्हणजे मुले. मताधिकार मागणारा प्रौढ विणकर या भाषेत अजाण बालक होतो आणि त्याच्यावर चालून आलेली तलवार ही शिस्तीची बाब होते. ज्याच्यापुढे रायट ॲक्ट वाचला जाण्याची शक्यता आहे, अशा माणसाला हा विनोद सुचला नसता. हा वाक्प्रचार खिडकीच्या आतल्या बाजूला जन्माला आला.

मराठीने याच्याशी मिळतेजुळते काहीतरी केले आहे. हिंदीत ‘दंगा’ म्हणजे आजही रस्त्यावरची हिंसा, जाळपोळ, कर्फ्यू. मराठीत तो अर्थ मुख्यतः ‘दंगल’कडे गेला आणि ‘दंगा’ मुलांच्या वाट्याला आला. ‘दंगा करू नका’ हे वाक्य ऐकून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पोलीस येत नाहीत, शाळेचा वर्ग येतो. म्हणून ‘रायट ॲक्ट’चे भाषांतर ‘दंगा कायदा’ असे केले की मराठीत ते ऐकायला गमतीचे वाटते. इंग्रजीने ज्याला दीर्घ काळ लावला ते मराठीत एका शब्दाच्या निवडीने क्षणात घडते.

पुढचा इतिहास थोडक्यात. ३ जून १८३१ रोजी वेल्समधील मर्थर टिडव्हिल येथे कासल इनसमोर जमलेल्या कामगारांपुढे रायट ॲक्ट इंग्रजीत आणि वेल्शमध्ये असा दोनदा वाचला गेला. राजाज्ञेचे भाषांतर करण्याची गरज कोणाला तरी वाटली, हे नोंदवण्यासारखे आहे. त्याने गोळीबार मात्र टळला नाही. १८३७ मध्ये या अपराधाची देहान्त शिक्षा रद्द झाली. १८९३ च्या सप्टेंबरात यॉर्कशरमधील फेदरस्टोनच्या खाणीवर घोषणेनंतर तास पुरा होण्याआधीच सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि दोन माणसे मेली. चौकशी समितीने सांगितले की तास हे काही अभयवचन नव्हे. म्हणजे जमावाने पावणेदोनशे वर्षे मनाशी धरलेला अर्थ अखेर अधिकृतपणे चुकीचा ठरला. ३१ जानेवारी १९१९ रोजी ग्लासगोच्या जॉर्ज चौकात शेरीफ घोषणा वाचू लागला, तेव्हा लोकांनी तो कागद त्याच्या हातातून हिसकावून घेतला. या कायद्याच्या इतिहासात इतके बोलके दृश्य दुसरे नाही. त्याच वर्षी ऑगस्टात बर्कनहेड येथे पोलिसांच्या संपातील गोंधळात तो वाचला गेला, त्यानंतर इंग्लंडमध्ये तो जवळजवळ मुका झाला. १९६७ साली इंग्लंड व वेल्सपुरता आणि १९७३ साली उरल्यासुरल्या ठिकाणीही तो रद्द करण्यात आला.

१९१९ हे साल आपल्याला वेगळ्याच कारणाने पाठ आहे. ग्लासगोचा कागद हिसकावला गेल्यानंतर अडीच महिन्यांनी, १३ एप्रिलच्या सकाळी, जनरल डायर अमृतसरच्या रस्त्यांतून ढोल वाजवीत सभाबंदीचा हुकूम वाचून दाखवत फिरला. संध्याकाळी जालियनवाला बागेत मात्र त्याने एकही शब्द वाचला नाही. सैनिक आत आले, ओळीत उभे राहिले आणि गोळ्या सुटल्या. सुमारे दहा मिनिटांत १,६५० फैरी. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. हंटर समितीपुढे त्याने सांगितले की गोळीबार न करताही जमाव कदाचित पांगला असता, पण मग ते लोक परत आले असते आणि त्याला हसले असते. समितीच्या बहुसंख्य सदस्यांनी त्याच्यावर जे दोन ठपके ठेवले त्यांतला एक पूर्वसूचना न दिल्याचा, दुसरा गोळीबार फार वेळ चालू ठेवल्याचा. काँग्रेसने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी समितीत मुकुंदराव जयकर होते. त्यांच्या अहवालाने तर निष्पाप, निःशस्त्र माणसांची ही कत्तल म्हणून नोंद केली.

हिंदुस्थानातल्या कायद्यात जमाव पांगवण्याचा हुकूम देण्याची तरतूद होती, आणि हुकूम पाळणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षणही होते. पण इंग्लंडमधल्या बारांच्या जागी येथे पाच माणसे पुरत होती. वाचायचा ठरीव मजकूर नव्हता. आणि तासाचा उल्लेख नव्हता. वसाहतीत येताना कायद्याचा ‘रायट’ आला, ‘वाचणे’ बंदरावरच राहिले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हाच सांगाडा होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ ते १५१ या कलमांतही तोच आहे. त्यामुळे आपल्या भाषांत या प्रसंगावरून ‘वाचून दाखवणे’ असा वाक्प्रचार तयार झाला नाही, यात आश्चर्य नाही. आपल्याकडे कलमांचे आकडे भाषेत शिरले. ‘१४४ लागली’ हे आपण घरगुती अबोल्याबद्दलही म्हणतो. ‘चारसोबीस’ तर भारतीय दंड संहिता ३० जून २०२४ रोजी संपली आणि फसवणुकीचे कलम नव्या संहितेत ३१८ झाले, तरी जागचे हललेले नाही. राज कपूरचा १९५५ सालचा ‘श्री ४२०’ कोणी ‘श्री ३१८’ म्हणणार नाही.

मग भाषांतरकाराने करायचे काय? समकालीन कादंबरीत बाप मुलीला रायट ॲक्ट वाचतो तेथे ‘चांगलेच फैलावर घेतले’ किंवा ‘खडे बोल सुनावले’ हे पुरेसे आहे. तेथे १७१५ आणणे म्हणजे पांडित्याचा सोस. मला स्वतःला घडणीच्या दृष्टीने ‘हजेरी घेतली’ हा प्रयोग सर्वांत जवळचा वाटतो. त्यातही कागद आहे, त्यावरचे मोठ्याने वाचणे आहे, अधिकारी आहे आणि समोर उभे राहणे भाग असलेली माणसे आहेत. त्याचाही वाच्यार्थ सर्वांसाठी सारखा सौम्य नव्हता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांची नावे नोंदली गेली त्यांना ठाण्यात किंवा पाटलाकडे जाऊन खरोखरीची हजेरी द्यावी लागे, आणि तो कायदा १९५२ पर्यंत टिकला. उचल्या, पारधी, कैकाडी यांच्या घरांत ‘हजेरी’ या शब्दाला जो वास आहे तो पांढरपेशा घरात नाही. तेव्हा मराठीतही खिडकीची आतली आणि बाहेरची बाजू आहेच.

पण एकोणिसाव्या शतकातली कादंबरी असेल तर ‘हजेरी’ चालणार नाही. जॉर्ज इलियटने तेराव्या वर्षी, डिसेंबर १८३२ मध्ये, ननीटन येथे निवडणुकीचा दंगा जवळून अनुभवला होता. तेथे रायट ॲक्ट वाचून घोडदळ बोलावले गेले होते. त्या आठवणीचा उपयोग तिने ‘फीलिक्स होल्ट, द रॅडिकल’ (१८६६) या कादंबरीतील दंग्याच्या प्रकरणात केला. अशा प्रकरणाच्या मराठी भाषांतरात अधिकाऱ्याने जमावाला ‘खडसावले’ असे लिहिले, तर वाचक पुढच्या पानावरच्या गोळीबाराला दचकेल आणि लेखिकेने अतिशयोक्ती केली असे समजेल. तेथे ‘जमावापुढे रायट ॲक्ट वाचण्यात आला’ असेच ठेवावे आणि बारा माणसे, एक तास, देहान्त ही तीन माहितीवजा शब्दांची टीप पानाच्या तळाशी द्यावी.